राणीचा पत्ता पुरे, कारभार सांगा

हिमिको राहायची कुठं, हा प्रश्न जपाननं आता काही वर्षं तरी बाजूला ठेवावा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथले पंडित या राणीचं गाव शोधताहेत. ते क्यूशू बेटावर होतं की नाराच्या बाजूला, यावर पुस्तकांची कपाटं भरली, विद्यापीठांत तट पडले, गावोगावी फलक लागले. या धांदलीत राणीनं केलं काय, हे विचारायचं राहूनच गेलं. माझं भांडण आहे ते याच्याशी. जवळजवळ अठराशे वर्षं टिकलेली ही कीर्ती आहे. तिला पत्त्याच्या वादात अडकवून ठेवणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

हे नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात जपानी बेटांवर ‘वा’ लोकांची लहान लहान राज्यं होती. त्यातल्या तीसेक राज्यांवर यामाताई या ठिकाणाहून हिमिकोची सत्ता चाले. जपानात तेव्हा इतिहास लिहून ठेवण्याची रीत नव्हती. त्यामुळे तिच्याविषयी जे काही खात्रीचं आहे ते चीनमध्ये सापडतं. चेन शोउ या इतिहासकारानं तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या तीन राज्यांचा इतिहास लिहिला, त्यात वा लोकांवर एक प्रकरण आहे. दोन हजारांच्या आसपास चिनी अक्षरं, बस्स. या एवढ्याशा मजकुरावर हिमिकोची सगळी कीर्ती उभी आहे.

तो मजकूर सांगतो की आधी सत्तर-ऐंशी वर्षं तिथं पुरुष राजे होते. मग राज्याराज्यांत लढाया पेटल्या आणि वर्षानुवर्षं विझल्या नाहीत. शेवटी सगळ्यांनी मिळून एका स्त्रीला राज्यावर बसवलं. या एका वाक्यावर जपाननं तीनशे वर्षं वाद घातला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. थकलेल्या, रक्तबंबाळ झालेल्या राज्यांनी एकत्र बसून निर्णय घेतला. तो कसा घेतला? कोण कोण बसलं होतं? हिला का निवडलं? प्रश्न हे आहेत. पण त्याच मजकुरातलं पुढचं वाक्य लोकांना जास्त आवडतं: ती देवऋषीपणा करायची, लोकांना भारून टाकायची. झालं! तेव्हापासून हिमिको म्हटलं की मंत्रतंत्र करणारी बाई, एवढंच चित्र.

अहो, पुढं वाचा. त्याच प्रकरणात लिहिलंय की तिच्या राज्यात कर गोळा होत असे आणि तो साठवायला कोठारं होती. प्रत्येक राज्यात बाजार भरे आणि त्यावर देखरेख करायला अधिकारी नेमलेला असे. उत्तरेकडच्या राज्यांची तपासणी करायला इतो या बंदराच्या राज्यात एक वरिष्ठ अधिकारी बसवला होता आणि सगळे त्याला वचकून असत. परदेशातून येणारी पत्रं आणि नजराणे त्या बंदरावर उघडून तपासले जात, मगच राणीकडे रवाना होत, म्हणजे काही गहाळ व्हायला नको, अदलाबदल व्हायला नको. कर, कोठार, बाजार, बंदर आणि तपासनीस. याला राज्यकारभार म्हणतात. मंत्र घालून तीस राज्यं काही दिवस भारता येतील. धान्य मोजून घ्यायला माणसं लागतात, आणि त्या माणसांवर लक्ष ठेवायला आणखी माणसं लागतात.

कुणी म्हणेल, कारभार तिचा भाऊ बघत होता, तसं त्याच नोंदीत आहे. आहे ना. धाकटा भाऊ राज्य चालवायला मदत करी, असं लिहिलंय. ती स्वतः तटबंदीच्या वाड्यात राहायची, राज्यावर आल्यापासून तिला फार थोड्यांनी पाहिलं होतं, हजार दासी सेवेला होत्या आणि एकच पुरुष आत जाऊन जेवण देई, निरोप आणी-नेई. पण त्या भावाचं नाव काय होतं? चिनी लेखकानं हिमिकोच्या दूतांची नावं टिपली, तिच्या शत्रूचं नाव टिपलं, तिच्या वारसदार मुलीचं टिपलं. भावाचं नाही. चीनच्या सम्राटानं फर्मान पाठवलं ते तिच्या नावानं, शिक्का पाठवला तो तिच्यासाठी. खरा राजा भाऊ होता असं आजही हळूच सुचवणाऱ्यांनी आधी हा पुरावा खोडून दाखवावा.

आणि ते फर्मान मिळवण्याची वेळ तिनं कशी साधली, ते बघा. कोरियाच्या द्वीपकल्पावर दायफांग नावाचा चिनी सुभा होता. तो बरीच वर्षं गोंगसुन या बंडखोर घराण्याच्या ताब्यात होता. 238 साली वेइ राज्याचा सेनापती सिमा यी यानं ते घराणं बुडवलं. समुद्रापलीकडच्या वा लोकांसाठी चीनचा दरवाजा कोणाच्या हातात आहे, हेच त्या दिवशी बदललं. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. बहुतेक अभ्यासक धरतात त्या हिशेबानं 239 साली हिमिकोचे दूत दायफांगला हजर होते आणि तिथून थेट राजधानी लुओयांगला गेले. वारा कुठून वाहतोय हे या राणीला बंदिस्त वाड्यात बसून कळत होतं.

त्या प्रवासाबद्दलही नोंद बोलते, आणि ती वाचून अंगावर काटा येतो. वा लोक समुद्रावर निघताना एका माणसाला बरोबर घेत. त्यानं केस विंचरायचे नाहीत, उवा काढायच्या नाहीत, कपडे धुवायचे नाहीत, मांस खायचं नाही, बाईजवळ जायचं नाही. सुतकात असल्यासारखं राहायचं. प्रवास सुखरूप झाला तर त्याला गुलाम आणि संपत्ती मिळे. वाटेत कोणी आजारी पडलं किंवा वादळानं झोडपलं, तर त्यानं व्रत नीट पाळलं नाही म्हणून त्याचा जीव घेत. अशा होड्यांतून हिमिकोचं राजकारण चीनला पोचत होतं.

लुओयांगच्या दरबारानं तिला ‘वेइची स्नेही, वा लोकांची राजा’ असा किताब दिला. सोन्याचा शिक्का दिला, जांभळ्या फितीचा. शंभर काशाचे आरसे, दोन तलवारी, सोनं, मोती आणि रेशमाचे तागे दिले. या किताबाचं वजन भारतीय वाचकाला चटकन कळावं असं एक उदाहरण हाताशी आहे. याच वेइ दरबारानं 229 साली असाच ‘वेइचा स्नेही’ किताब युएची लोकांच्या राजाला दिला होता. हे युएची म्हणजे आपल्या इतिहासातले कुशाण आणि तो राजा म्हणजे वासुदेव, असं इतिहासकार मानतात. ज्यांच्या अमलाखाली मथुरेत मूर्ती घडत होत्या, त्या कुशाणांच्या तोलामोलाचा मान समुद्रातल्या बेटांवरच्या या राणीनं मिळवला. दक्षिणेतल्या वू राज्याशी वेइचं वैर होतं, त्यांना समुद्रावर मित्र हवा होता, हे खरं. पण समोरच्याची गरज ओळखून आपला भाव वाढवणं, हीच तर मुत्सद्देगिरी.

तिला देवी करू नका, हेही तितक्याच जोरानं म्हणतो. तिनं सम्राटाला नजराणा पाठवला त्यात दहा गुलाम होते, चार पुरुष आणि सहा बायका. ती वारली तेव्हा शंभर पावलांहून रुंद टेकडीसारखं थडगं रचलं आणि तिच्याबरोबर शंभरांहून जास्त नोकरचाकर पुरले. त्या शंभरांची नावं कुणी लिहिली नाहीत. तिच्या मोठेपणाचा हिशेब मांडताना हे मढ्यांचं पान फाडून टाकता येत नाही. ती तिच्या काळातली सत्ताधीश होती. जगभरच्या पुरुष राजांना आपण त्यांच्या क्रूरपणासकट मोठं म्हणतो. हिला मात्र एक तर निरागस बाहुली करायचं नाही तर चेटकीण, हा भेदभाव मला मान्य नाही.

247 साली तिचं दक्षिणेच्या कुना राज्याशी युद्ध चाललं होतं. तिनं दायफांगला खबर दिली, तिथून झांग झेंग नावाचा अधिकारी सम्राटाचं फर्मान आणि पिवळं निशाण घेऊन आला. त्याच सुमारास, 248 च्या आसपास, ती गेली. पुढं जे झालं ते तिच्या कीर्तीचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे. गादीवर पुरुष बसवला. लोकांनी त्याला जुमानलं नाही. आपसांत कापाकापी झाली आणि हजारांवर माणसं मेली. मग हिमिकोच्या नात्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला, इयोला, राज्यावर बसवलं आणि देश शांत झाला. एक बाई यशस्वी झाली तर अपवाद म्हणता येतो. लागोपाठ दुसऱ्यांदा तेच घडलं तर ती राज्य करण्याची रीत झाली होती, असं म्हणावं लागतं.

आता तिच्याच देशानं तिचं काय केलं ते ऐका. 712 साली ‘कोजिकी’ लिहिला गेला, 720 साली ‘निहोन शोकी’. जपानचे हे दोन आद्य इतिहासग्रंथ. दोन्हींत हिमिकोचं नाव नाही. निहोन शोकी लिहिणाऱ्यांना चिनी नोंद ठाऊक नव्हती असंही नाही. त्यांनी ती टिपांमध्ये उद्धृत केली आहे. पण कुठं? जिंगू या दंतकथेतल्या सम्राज्ञीच्या प्रकरणात, नुसतं ‘वाची राणी’ म्हणून. खरी राणी पुसली आणि तिच्या तारखा दंतकथेच्या राणीला चिकटवल्या. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या थोर पंडितानं आणखी पुढची मजल मारली. आपला पवित्र दरबार चीनला नजराणा कसा पाठवेल, हे क्यूशूमधल्या कुणा सरदारानं खोटं नाव सांगून केलेलं काम असणार, असं त्यानं मांडलं. पंडिताचा अभिमान दुखावला म्हणून राणीला तोतया ठरवलं.

एकोणिसाव्या शतकात छापील नोटेवर स्त्रीचं चित्र घालायची वेळ आली तेव्हाही मान जिंगूला मिळाला. 1881 ची ती एक येनची नोट किओसोने या इटालियन कलावंतानं कोरली आणि जिंगूचा चेहरा युरोपातल्या बाईसारखा उतरला. कोरिया जिंकल्याची कथा जिंगूच्या नावावर होती, म्हणून ती साम्राज्याच्या कामाची. चीनशी दोस्ती करणारी हिमिको कामाची नव्हती. 1910 साली जपाननं कोरिया गिळला. त्याच वर्षी क्योतोच्या नाइतो कोनान यांनी यामाताई नाराच्या बाजूला, तर तोक्योच्या शिरातोरी कुराकिची यांनी ते क्यूशूवर असल्याचं ठासून मांडलं. तेव्हापासून दोन विद्यापीठांची ही कुस्ती सुरू झाली, ती अजून सुटलेली नाही. घोळ मूळ मजकुरातच आहे. त्यात दिलेल्या दिशा आणि अंतरं जशीच्या तशी धरली तर राणीची राजधानी क्यूशूच्या दक्षिणेला भर समुद्रात जाते. नारावाले म्हणतात दिशा चुकली, क्यूशूवाले म्हणतात अंतर चुकलं.

या शोधात मनापासून झोकून देणारे लोक आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. शिमाबाराचे मियाझाकी कोहेई दृष्टी गेलेले लेखक होते. त्यांच्या पत्नीनं जुने ग्रंथ त्यांना वाचून दाखवले आणि त्यातून 1967 साली यामाताईवरचं त्यांचं पुस्तक आलं. ते इतकं खपलं की विद्यापीठाबाहेरच्या हजारो माणसांनी हा प्रश्न आपला मानला. इतिहास सामान्य माणसाच्या हातात देणारं ते काम होतं. माझी तक्रार त्या जिज्ञासेबद्दल नाही. ती जिज्ञासा एकाच प्रश्नावर खिळवून ठेवणाऱ्यांबद्दल आहे.

उत्खननाच्या बातम्या बघा. क्यूशूवर सागा प्रांतात योशिनोगारीला खंदक, टेहळणीचे मनोरे, धान्याची कोठारं असलेली मोठी वस्ती 1980 च्या दशकात उजेडात आली. चिनी नोंदीतलं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहावं अशी. त्यातून शिकण्यासारखं अपार आहे. पण बातमी एकच: यामाताई सापडलं का? 2023 साली तिथं दगडी शवपेटी उघडली, साऱ्या देशाचे डोळे लागले. आत लाल रंगाचे अंश मिळाले, हाडं नाहीत, दागिने नाहीत, आणि उत्सुकता तिथंच मावळली. नारा प्रांतात माकिमुकुला 2009 साली त्या काळातल्या एका भव्य इमारतीच्या खांबांच्या खुणा मिळाल्या आणि पुढच्या वर्षी जवळच पीचच्या फळांच्या दोन हजारांहून जास्त बिया एका खड्ड्यात सापडल्या. बहुधा कुठल्या तरी विधीसाठी ती फळं वाहिली होती. पण चर्चा इथंही एकच: राणीचं गाव हेच का? आरशांचंही तेच. त्रिकोणी कडेचे काशाचे पाचशेहून अधिक आरसे जपानभर सापडलेत आणि राणीला मिळालेले शंभर यातलेच का, यावर अजून भांडण आहे.

माकिमुकुजवळच हाशिहाका नावाची प्रचंड समाधी आहे. किल्लीच्या भोकाच्या आकाराची, 280 मीटर लांब. तिसऱ्या शतकाच्या मध्यावरची असावी, असं 2009 साली राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संशोधकांनी तिथल्या मडक्यांवरून सांगितलं. म्हणजे हिमिकोच्या मृत्यूच्या आसपासची. हे उकलायला आतली तपासणी लागेल. ती होत नाही. राजघराण्याच्या कारभाराचं सरकारी खातं ही समाधी एका प्राचीन राजकन्येची मानतं आणि खोदायला परवानगी देत नाही. 2013 साली अभ्यासकांच्या एका गटाला कडेकडेनं फेरी मारू दिली, तेवढंच. पूर्वजांच्या शांततेचा मान राखावा, हे मलाही पटतं. पण ज्या समाधीत कोण आहे हेच पुराव्यानिशी ठरलेलं नाही, तिला कुलूप लावणं म्हणजे मान राखणं नाही. ते उत्तर टाळणं आहे.

समाधी बंद ठेवायची आणि चेहरा मात्र बाजारात काढायचा! जिला हयातीत फारसं कुणी पाहिलं नाही, तिची गोंडस बाहुली आज नारा प्रांतातल्या साकुराई शहराची जाहिरात करते. यामातोकोरियामा शहरात तिच्या नावानं तरुणींची स्पर्धा भरवली गेली. चिनी नोंद तर सांगते की ती वयानं मोठी होती आणि तिनं लग्न केलं नव्हतं. तोक्योच्या सुमिदा नदीत तिच्या नावाची प्रवासी नाव धावते. तेझुका ओसामू यांच्यासारख्या थोर चित्रकथाकारानंही तिला रंगवलं ते अमरत्वासाठी हपापलेली म्हातारी म्हणून. परदेशी व्हिडिओ खेळांनी तर वादळं उठवणारा सैतानी आत्मा करून टाकलं तिला. कोठारं भरणारी, बंदरावर तपासनीस बसवणारी, लुओयांगचा दरबार ओळखून असणारी राणी या गर्दीत कुठंच दिसत नाही.

जपानच्या प्राथमिक शाळेत सहावीला इतिहास शिकवताना 42 व्यक्तींची सरकारी यादी धरतात. तिच्यात पहिलं नाव हिमिकोचं. ऐकून बरं वाटतं. मग पुढं मोजायला घ्यावं: 42 मध्ये स्त्रिया तीन. हिमिको, आणि नंतर मुरासाकी शिकिबु व सेई शोनागोन या दोन लेखिका. हिमिकोला तोतयांच्या खाती टाकणारे नोरिनागाही यादीत आहेत. पण 593 साली गादीवर आलेल्या सुइकोपासून अठराव्या शतकातल्या गो-साकुरामाचीपर्यंत जपानच्या सिंहासनावर आठ स्त्रिया बसल्या, दोघी तर दोन-दोनदा बसल्या, त्यातली एकही नाही. मुलांना वाटावं की पुराणकाळी एक राणी होऊन गेली, मग कुणीच नाही.

आणि कायदाही तसाच. 1889 साली नियम झाला की सिंहासन फक्त पुरुषाचं. 1947 साली समानतेची नवी राज्यघटना आली, तरी राजघराण्याच्या कायद्यात तो नियम तसाच राहिला. सम्राट नारुहितो यांची एकुलती एक मुलगी आइको 2001 साली जन्मली. तिला गादी मिळू शकत नाही. 2005 साली सरकारच्याच तज्ज्ञ समितीनं स्त्रियांना वारसाहक्क द्या म्हणून शिफारस केली. पुढच्या वर्षी नारुहितो यांच्या भावाला मुलगा झाला आणि ती शिफारस कपाटात गेली. 2024 साली स्त्रियांच्या हक्कांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं हा नियम बदला असं सुचवलं, तेव्हा जपान सरकार चिडलं आणि त्या समितीसाठी आपला निधी वापरू नका असं 2025 च्या जानेवारीत कळवून मोकळं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानला पहिल्या महिला पंतप्रधान मिळाल्या, ताकाइची सानाए, त्याही नारा प्रांताच्या. सिंहासनाच्या वारशाबाबत त्यांची भूमिकाही पुरुषांच्याच बाजूची.

हे सगळं परंपरेच्या नावानं चालतं. कुठली परंपरा? या बेटांवरच्या राजकारणाची सर्वांत जुनी तपशीलवार लेखी हकिगत सांगते की पुरुषांच्या भांडणाला कंटाळलेल्या लोकांनी बाईला राज्यावर बसवलं, ती गेल्यावर पुरुष चालेना म्हणून पुन्हा मुलीला बसवलं. परंपराच हवी असेल तर ती इथून मोजा.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. हाशिहाका अभ्यासकांना उघडून द्या; आत कोण आहे ते निघेल किंवा निघणार नाही. सहावीच्या त्या यादीत सुइको आणि जितो या सम्राज्ञींची नावं घाला. आणि राजघराण्याच्या कायद्यातलं पहिलं कलम बदला.